एका खड्ड्यावर चार वेळा

माणसांची नावं मी विसरत चाललोय. ती पांढरी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मात्र अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की आपण तेव्हा कसे चुकलो होतो तेही आठवतं.

पोलिसातल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं होती. निवृत्ती जवळ आली की जिल्हा जवळचा मिळतो, तसा मला माझाच सिंधुदुर्ग मिळाला होता. डिसेंबरात, पर्यटकांच्या ऐन गर्दीत, आचऱ्याचं एक कुटुंब त्या पांढऱ्या गाडीने, भाड्याने घेऊन, घाटावर साखरपुड्याला निघालं. घाटातल्या वळणावर गाडी रस्ता सोडून डोंगराकडच्या गटारात गेली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं, पण सत्तरीच्या आजीचं कमरेचं हाड मोडलं. गाडी दरीच्या बाजूला गेली असती तर मी आज हे निराळ्या शब्दांत लिहिलं असतं.

गुन्हा नोंदवला तो ड्रायव्हरवर, बेदरकारपणे वाहन चालवल्याचा. गाडीमालक मालवणचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. आम्ही जखमींच्या मागे असताना त्याने रस्ता मोकळा करायचा म्हणून क्रेन आणून गाडी आपल्या आवारात नेलीसुद्धा. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच झाला. मी त्याचे आभार मानले. पोलिसाने घाईने आभार मानू नयेत.

नंतर मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला: ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, शॉकॲब्सॉर्बर ठीक, यांत्रिक दोष नाही. त्यात भर आजीच्या जबाबाची, ‘चालकाने वाहन वेडेवाकडे चालवले.’ दोषारोपपत्र जवळजवळ तयारच होतं.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दुसरा एक कागद आला, चारित्र्य पडताळणीचा. सरकारी बसवर चालक म्हणून निवड झालेल्या उमेदवाराचा. नाव वाचलं आणि शेजारच्या फाइलमधलं नाव वाचलं. दोन्ही एकच. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकलेल्या माणसाला पहिल्यांदा कायमची नोकरी लागत होती, आणि माझ्या एका शेऱ्याने ती जाणार होती.

त्याला बोलावलं. हात मांडीखाली दाबून बाकावर बसला होता.

“सायबानू, गाडी मागसून नाचत होती. सकाळीच मागचो कोपरो दाबून बघलंय. तीनदा वर इली. मालकांक सांगलंय. ते म्हणाले, नारळ फोडलंस मा, मगे जा आता.”

मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. तीस वर्षांत ‘चूक माझी’ म्हणणारा ड्रायव्हर मला भेटला नव्हता. उठताना तो एवढंच म्हणाला, “माज्या कागदार काय लिवतल्यात?” मी पुढची फाइल ओढली.

दोन दिवसांनी आजीची नात ठाण्यात आली. म्हणाली, जबाबात काय लिहिलंय ते आजीच्या कानावर आलं, आणि तिने निरोप दिलाय, ‘सायबाक सांग, जा मी बोललंय नाय, ता माज्या नावार नको.’

मी तडक तिच्या घरी गेलो. आजी खाटेवर उताणी, पण आवाज खणखणीत.

“सायबा, मी म्हटलंय, गाडी डोलत होती. तुमच्या हवालदारान वेडीवाकडी हाकली म्हणान लिवल्यान. त्या झिलान सावकाशच हाकल्यान रे.”

“डोलत म्हणजे कशी?”

“चाळीस वर्सा मासे घेवन खाडयेत होडयेन फिरलंय. होडी एका लाटेर एकदा उठता नि बसता. ही गाडी एका खड्ड्यार चार येळा उठली. मी सुनेक म्हटलंय, ह्या गाडयेपेक्षा आमची फुटकी होडी बरी.”

मी तिथेच कपाळावर हात मारला. आमचा हवालदार घाटावरचा. कष्टाळू, प्रामाणिक, पण मालवणी अजून कानाला बसली नव्हती. ‘डोलत’ ऐकून त्याच्या डोळ्यांसमोर दारुडा आला असणार. आणि त्या जबाबाखाली सही माझी होती, मी तर मालवणीतच वाढलेला.

शॉकॲब्सॉर्बरचं काम एवढंच, की खड्ड्यातून वर आलेली गाडी पुन्हा पुन्हा उसळू द्यायची नाही. ते गेले की गाडी डोलत राहते आणि वळणावर चाकं रस्ता सोडतात. तांत्रिक अहवालात जे नव्हतं, ते आजीने खाटेवरून सांगितलं होतं.

जप्त गाडी ठाण्याच्या आवारात होती. हवालदाराला मागचा कोपरा जोर लावून दाबून सोडायला सांगितलं. गाडी एकदाच उठून बसली. म्हणजे आता ठणठणीत. मग मी मागच्या टायरवर तळहात फिरवला. हाताला उंचवटे आणि खळगे लागले, ठिकठिकाणी. खाली वाकून पाहिलं. शॉकॲब्सॉर्बरला चिखल फासलेला होता, पण नटांवर पान्याचे ताजे चरे चमकत होते. निरीक्षकांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर आलं ते चांगलंच होतं.

मालकाला बोलावलं, चहा दिला. खोटं बोलणाऱ्याला कधी अडवू नये, भरपूर बोलू द्यावं.

“गाडीची निगा चांगली दिसते तुमची,” मी म्हणालो.

“मग काय साहेब! टायर बघा, दोन महिन्यांपूर्वी चारही नवे टाकले.”

“आणि शॉकॲब्सॉर्बर?”

“ते गेल्या वर्षी बदलले. त्यानंतर हातही लावलेला नाही.”

दोन्ही उत्तरं लिहून घेतली, वाचून दाखवली, सही घेतली. मग त्याला गाडीपाशी नेलं.

“टायरवर हात फिरवा.”

त्याने फिरवला. “अलाइनमेंट बिघडली असेल, साहेब.”

“अलाइनमेंट बिघडली तर टायर एका कडेला झिजतो. हे खळगे आहेत. चाक उड्या मारत चाललं की असं होतं. शॉकॲब्सॉर्बर वर्षभर चांगले होते, तर दोन महिन्यांच्या टायरला हे खळगे कुठून आले? आणि हात लावला नाही, तर या नटांवर चरे कसले?”

तो पायरीवर बसला. शर्टाची इस्त्री पार गेली होती.

“चुकलंय, सायबानू. सीझन होतो. गाडी दोन दिस गॅरेजात उभी करूक धीर झालो नाय. मगे अपघाताच्या रातीच जुने काढून नवे घातलंय.”

तोवर पुस्तकातली मराठी बोलणारा माणूस मालवणीत आला होता. आमच्याकडे ठाण्यात माणूस मालवणीत आला की समजावं, आता खरं बोलणार. ड्रायव्हर तर पहिल्या दिवसापासून मालवणीतच बोलत होता. त्याची मला लाज वाटली, आजही वाटते.

मालकाच्या परसात, नारळाच्या सोललेल्या सोडणांच्या ढिगाखाली जुने शॉकॲब्सॉर्बर मिळाले, तेलाने बरबटलेले. पंचांसमक्ष ताब्यात घेतले. ड्रायव्हरचं नाव आरोपीच्या रकान्यातून निघालं आणि मालकाचं चढलं, वर पुरावा नष्ट केल्याचं कलम. पडताळणीच्या कागदावर ‘आक्षेप नाही’ लिहिताना मी शाईचं पेन घेतलं. एवढ्या आनंदाने मी माझ्या पदकाच्या कागदावरही सही केली नव्हती. आजीचा पुरवणी जबाब हवालदाराने स्वतः लिहिला, तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात. तेव्हापासून आमच्या ठाण्यात तोच नियम झाला. साक्षीदाराचा शब्द आपल्या सोयीच्या मराठीत धुऊन घेतला, की पुरावाही त्याबरोबर धुऊन जातो.

निवृत्तीनंतर मी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली. गेल्या वर्षी घरच्यांना घेऊन विजयदुर्गला निघालो होतो. आचरा स्टँडजवळ पाणी घ्यायला थांबलो, तर समोरच्या बसमधून खाकी कपड्यातला चालक उतरून आला. तोच. नमस्कार केला, आणि काही न विचारता माझ्या गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हातांनी कोपरा दाबला. मग दुसरा.

“एकदाच उठली, सायबानू. बिनघोर जावा.”

मी त्याला चारित्र्याचा दाखला दिला होता. त्या दिवशी माझ्या गाडीला त्याने दिला.