बानूबाईच्या बोडक्या कोंबड्या

मल्हारनं पोतं अंगणात आणून उपडं केलं तेव्हा बानूबाई ज्वारी पाखडत बसली होती. पोत्यातून आधी वास आला, मग ओली पिसं आली आणि मग सहा कोंबड्या एकीवर एक घरंगळल्या. पोत्यातून सुटलेली कोंबडी फडफडते, ओरडते, दिसेल तिकडे पळते. या पळाल्या नाहीत. जिथं पडल्या तिथंच अंग चोरून बसल्या. मानेवर पीस नाही, पोटावर नाही, आत हाडं मोजता येतील अशी फिकट कातडी. तुरा मलूल होऊन एका डोळ्यावर लोंबलेला. चोचीचं टोक कापलेलं. एक तर हललीच नाही. ती पोत्यातच गेली होती.

"कुठून आणल्यास रं ह्या?" बानूबाईनं विचारलं.

"शेडातून. अंडी द्यायच्या थकल्या. व्यापाऱ्याची गाडी आलती, बऱ्या बऱ्या घिऊन गेली. ह्या खड्ड्यात टाकणार हुते. मालक म्हनला, ने घरी, रस्सा कर."

मल्हार म्हणजे बानूबाईचा थोरला. राणीसावरगावहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की अंड्याच्या कोंबड्यांची एक लांबलचक शेड आहे, तिथं तो कामाला. खाद्य टाकायचं, अंडी गोळा करायची, नवीन पिल्लं आली की एकमेकींना टोचू नयेत म्हणून त्यांच्या चोचींची टोकं तापल्या पात्यानं कापायची. त्याची बायको दैवशाला दारातून हे सगळं पाहत होती. रश्श्याचं नाव निघाल्यावर तिनं खोबरं भाजायला घेतलंही होतं.

बानूबाईनं सूप बाजूला ठेवलं. एक कोंबडी दोन्ही हातांनी उचलून तिनं पायांवर उभी केली. कोंबडीनं एक पाय टेकला आणि चटका बसल्यासारखा वर घेतला. मग दुसरा टेकला, तोही घेतला. शेवटी पोटावर बसली.

"मल्हारा, हिनं माती बगितली न्हाई रं."

"माती कशी बगंल? समदा जल्म तारंच्या पिंजऱ्यात."

"मग कापायची न्हाई."

"का बरं?"

"आपण चाललेलं जनावर कापतो. मेंढरू असू दे, कोंबडं असू दे. जे मातीवर चाललंच न्हाई त्ये जगलंच न्हाई. न जगलेलं कापायचं कसं?"

"आन् बाजारात मिळत्यात त्या काय गंगाखेडहून चालत येत्यात का माय?"

"त्या माझ्या दारात येत न्हाईत."

मल्हार आईला ओळखून होता. तो हसला, पण कापायला घेतलेली सुरी खाली ठेवली नाही. "बरं. आखाडीपस्तोर ठिव. तवर पायावर चालल्या, आपल्या कोंबड्यांत मिसळल्या तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर आखाडीला पाव्हणे यायलेत, त्येंच्या ताटात जातील. मग मधी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," बानूबाई म्हणाली.

असा तो करार झाला. आषाढ लागायला अजून बरेच दिवस होते.

बानूबाईचं म्हणणं ऐकायला विचित्र वाटेल, पण ती बाई जन्मली तीच चालत्या मुक्कामावर. बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं फिरायचा. एका पडीक रानात ती झाली आणि नाळ पडायच्या आत मायलेकी घोड्यावर बसून पुढच्या रानात गेल्या. पहिला नवरा लवकर वारला. पुढं येडबाशी तिचा पाट लागला, म्हणजे तिचा दुसरा संसार सुरू झाला. येडबाच्या मुक्कामावरच्या बायकांनी तिला मेंढ्यांच्या धारा काढू दिल्या, लाकडं आणू दिली, पण जेवायला बसताना तिच्यासाठी वेगळा दगड. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. नुसती तिची जागा कुणी केली नाही. सबंध उन्हाळा ती त्या दगडावर बसून जेवली. एका संध्याकाळी सासूनं काही न बोलता भाकरीची परात तिच्यापुढं सरकवली. तिथून पुढं ती त्या घरची झाली. हे ती कधी कुणाला सांगत नसे. दैवशालाला तेवढं ठाऊक होतं.

येडबाचे गुडघे गेले, चराईची रानं गेली, मग मेंढरं गेली आणि शेवटी येडबाही गेला. त्या फिरत्या संसारातलं घरात फार काही उरलं नव्हतं. मात्र घोड्याच्या पाठीवर डालग्यात बसून गावोगाव फिरलेल्या कोंबड्यांचा वंश अंगणात अजून नांदत होता. गावरान, चपळ, भांडकुदळ. त्यांत तांबडी म्हणून एक होती. नाटकात राजाचं काम करणारा नट आला की बाकीचे आपोआप दोन पावलं मागं होतात, तशी तांबडी आली की सगळ्या कोंबड्या दाण्यावरून बाजूला व्हायच्या. बानूबाईचा तिच्यावर फार जीव. तांबडी तिच्या पदराखाली येऊन बसायची.

घरात नवीन जनावर आलं की धनगराच्या दारात त्याचं स्वागत होतं. पायावर पाणी, कपाळाला हळदकुंकू. मेंढी असो की घोडी, खुंट्याला बांधण्याआधी हे व्हायचंच. बानूबाईला वाटलं, ह्या जिवांना जन्मात कुणी या म्हटलेलं नाही, आपण तरी म्हणावं. ती विधवा, म्हणून तिनं सुनेला हाक मारली.

"दैवशाला, ताट आण गं. पाच जणी आल्यात."

"आत्याबाई, कोंबड्यांची वटी बी भरायची का?" दैवशाला हसू दाबत म्हणाली.

"तू हळदकुंकू लाव. वटीचं मागनं बघू."

दैवशालानं लावलं. पण कपाळ सापडेना. पिसं नसलेल्या मानेवर, पाठीवर, जिथं बोट टेकलं तिथं तिनं ओलं कुंकू लावलं. उरलेलं कुंकवाचं पाणी धुण्याच्या दगडावर ओतलं. रात्री त्या पाच जणी डालग्याखाली झाकल्या आणि सकाळी बानूबाईनं डालगं उचलून त्यांना अंगणात मोकळं केलं.

तांबडी मान वाकडी करून आली. एका बोडकीच्या पाठीकडे तिनं पाहिलं आणि चोच मारली. मग दुसरी आली, तिसरी आली. गावरान कोंबडीची चोच म्हणजे सुईच. बोडकीला पळता येईना. ती आपली डोकं मातीत घालून बसली. बानूबाई काठी घेऊन धावेपर्यंत पाठ फुटली होती, आणि रक्त दिसल्यावर तर सगळा जथाच तिच्यावर तुटून पडला. बानूबाईनं तिला ओढून पदरात घेतलं. दुपारपर्यंत ती पदरातच गेली.

शेजारची मालनबाई कुडावरून बघत होती. "बानूमावशी, तुमच्या कोंबड्या लय गुमानाच्या. परक्याला शिवू देत न्हाईत."

 बानूबाईनं परसात खड्डा केला, वर दगड ठेवला. तांबडीकडे तिला बघवेना. दिवसभर तिनं तांबडीला दाणा टाकला नाही.

संध्याकाळी ती हात धुवायला धुण्याच्या दगडापाशी गेली आणि थांबली. तांबडी आणि आणखी दोघी त्या दगडावर टोचा मारत होत्या. दगडावर दाणा नव्हता, किडा नव्हता. काल ओतलेल्या पाण्याचा लाल डाग होता. तो डाग त्या मन लावून टोचत होत्या.

बानूबाईनं दगड घासायला घेतला. मेंढराच्या कपाळी कुंकू लावायचं. मेंढरू कुंकवाकडे बघत नाही. कोंबडी लाल बघितली की टोचते, हे तिला का ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पिल्लाच्या पायाला जखम झाली की ती स्वतः त्याला वेगळं ठेवायची. पण हळदकुंकू म्हणजे रक्त नव्हे, ते या म्हणणं आहे, एवढंच तिच्या मनात होतं. कोंबडीच्या मनात काय असेल ते तिच्या डोक्यातच आलं नाही.

दैवशाला बाहेर आली. सासू दगड घासत होती. "काय झालं आत्याबाई?"

"कोंबड्यांनी न्हाई मारलं गं तिला. म्या खूण करून दिली त्येंला, हितं मारा म्हणून."

"कुंकू म्या लावलं की."

"लाव कुणी म्हनलं?"

दोघींनी मिळून उरलेल्या चौघींना कोमट पाण्यानं पुसलं. कुंकवाचा कणही ठेवला नाही. चुलीची काजळी गोड्या तेलात कालवून त्यांच्या उघड्या अंगाला चोपडली. काळ्याठिक्कर झाल्या. मल्हार कामावरून आला, त्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आधी बोडक्या हुत्या, आता भुतं झाली."

खुंटीवर वाघर होती, मुक्कामाला मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. येडबानं हातानं विणलेली. बानूबाईनं ती झाडून काढली, दुहेरी केली आणि अंगणाच्या मधोमध बांधली. एका अंगाला गावरान, दुसऱ्या अंगाला बोडक्या. एकमेकींना बघा, शिवायचं नाही. तांबडी पहिले काही दिवस जाळीला चोची मारून गेली. मग कंटाळली आणि जाळीलगतच धुळीत लोळू लागली.

बोडक्यांना सगळंच शिकवावं लागलं. ज्वारीचा दाणा खायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बानूबाई दाणे दळून भिजवून द्यायची. माती उकरायची असते हे माहीत नव्हतं. बानूबाई त्यांच्यापुढं बसून बोटांनी माती उकरायची, एखादं गांडूळ वर काढायची. मालनबाई कुडावरून म्हणायची, "मावशी, आता आरवून दाखवा, तेवढंच ऱ्हायलं." बानूबाई म्हणायची, "त्ये कोंबड्याचं काम हाय. ह्येंला उकराय येऊ दे." त्यांची वाढलेली नखं तिनं मेंढरांच्या लोकरीच्या कातरीनं जपून कापली. तेव्हा कुठं त्या नीट उभ्या राहू लागल्या. एकीनं एके दिवशी पायानं माती मागं फेकली. फेकून ती स्वतःच दचकली. बानूबाईनं हाक मारून दैवशालाला बोलावलं, पण दैवशाला येईपर्यंत कोंबडी पुन्हा गप्प बसली होती.

मानेवर पिसांचे बारीक कोंब दिसू लागले. पण वाघर काढली की बोडक्या पुन्हा कोपऱ्यात. गावरान कोंबड्या टोचत नव्हत्या, फक्त जागा देत नव्हत्या. दाण्यावर तांबडी उभी असली की चौघी लांबून बघायच्या. दिवेलागणीला गावरान कोंबड्या खुराड्यात चढायच्या आणि या मोकळ्या अंगणात बसून राहायच्या. बानूबाई एकेकीला उचलून आत ठेवायची, आतल्या त्यांना दाराशी लोटायच्या.

आषाढ आला. मरीआईच्या आखाडीचा शुक्रवार ठरला. त्या दिवशी देवीला कोंबडी द्यायची, मग गावजेवण, पाहुणे. आदल्या दिवशी मल्हार अंगणात उभा राहून म्हणाला, "माय, करार हुता. ह्या काय मिसळल्या न्हाईत. एक देवीला, तीन पाव्हण्यांला."

मालनबाई निवदाचं विचारायला आली होती. ती म्हणाली, "आरं, चोच तुटलेली कोंबडी देवी घील व्हय? देवीला अंगानं पुरी कोंबडी लागती. गाव थुंकंल तुझ्यावर."

हे खरं होतं.  म्हणजे देवीला गावरानच द्यावी लागणार होती, आणि तिथं पुरी, भरदार, देवीपुढं शोभेल अशी एकच होती. सगळ्यांना ते दिसत होतं. कुणी नाव घेतलं नाही.

"तांबडी दे," बानूबाई म्हणाली.

दैवशाला म्हणाली, "आत्याबाई, ती कवडी कोंबडी बी हाय की. तिला देऊ."

"कवडी खुडूक हाय, अंड्यांवर बसलीय. देवीला देताना मन राखून देऊ नये." मग ती मल्हारकडे वळली. "आन् पाव्हण्यांला तू गंगाखेडहून आण काय आणायचं त्ये. उद्याचा दिस मावळला न्हाई अजून. करार आखाडीपस्तोरचा हाय."

शुक्रवारी सकाळी तिनं तांबडीचे पाय धुतले. तांबडी नेहमीसारखी पदरात शिरली. बानूबाईनं ती मल्हारच्या हातात दिली आणि देवळाकडे गेली नाही. परत आलेला वाटा तिनं खाल्ला नाही, पण सुनेला रांधू दिला. मालनबाई जाता जाता म्हणाली, "घरची पट्टराणी दिलीत आन् काळी भुतं ठिवलीत. काय म्हनावं तुमाला." बानूबाई म्हणाली, "काई म्हनू नका."

दिवसभर अंगणात एक विचित्र शांतता होती. दाणा पडला तरी कुणी आधी पुढं येईना. गावरान कोंबड्या तांबडीची वाट बघितल्यासारख्या थांबल्या. मग एक बोडकी पुढं झाली. धाडस म्हणून नव्हे, थांबायचं कुणासाठी हे तिला कळलंच नव्हतं. तिनं दाणा उचलला. मग सगळ्याच आल्या. त्या गर्दीत कोण गावरान आणि कोण शेडातली हे कोंबड्यांनी बघितलं नाही. पाहुणे ओसरीवर जेवत होते आणि बानूबाई खांबाला टेकून हे बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ती तांबडीसाठी होती की कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला खुराड्यात चढाचढ झाली. तांबडीची जागा रिकामी होती. त्या जागेवर लगेच दुसरी गावरान सरकली, तिच्या जागेवर तिसरी, आणि शेवटी दाराजवळच्या दांडीवर थोडी जागा उरली. चार बोडक्या खाली उभ्या राहिल्या. बानूबाई उचलायला उठली तर मल्हारनं तिचा हात धरला. "थांब माय. बगू दे."

एकीनं उडी मारली, पडली. पुन्हा मारली. दांडीवर नखं टेकली, ती डुलली आणि बसली. दुसरी तिच्यामागं गेली. उरलेल्या दोघी दारातच बसल्या, पण आतल्या अंगाला. कुणी त्यांना बाहेर लोटलं नाही.

मल्हारनं स्वतः खुराड्याची फळी लावली. मग तिथंच उकिडवा बसून राहिला.

"माय, सोमवारी नवीन पिल्लं यायलीत शेडात. हजारांनी."

"हं."

"चोची कापायच्या हायेत. माझ्याकडंच हाय त्ये काम." त्यानं फळी पुन्हा चाचपली. "दुखत असंल का गं त्येंला?"

बानूबाईनं खोटं सांगितलं नाही. "दुखतच असंल."

"मग काय करू? काम सोडू?"

सोड म्हणणं सोपं होतं, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.  आत कोंबड्या अंग जुळवून घेताना बारीक कुरकुरत होत्या.

"घाई करू नगंस," बानूबाई म्हणाली. "एकेकीला नीट धर. आन् थकून बसल्या की खड्ड्यात जाऊ देऊ नगं. जमतील तितक्या हिकडं आण."

"वाघर पुरायची न्हाई माय."

"दुसरी इणते. सूत आण."