भांगातला अपडेट

अंबिकाला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. उत्तनच्या धक्क्यावर मासळी निवडता निवडता ती अ‍ॅप बनवायचं काम फोनवर बघून शिकली, आणि अशी शिकली की केबिन रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डिग्रीवाले तिला विचारून काम करायला लागले. तिथं कोळ्यांसाठी अ‍ॅप बनत होतं. समुद्रात रोवलेली आपली डोलजाळी नेमकी कुठं आहेत ते रेंज नसतानाही दाखवणारं. त्याची नवी आवृत्ती कधी सोडायची, हे अंबिका ठरवायची.

तिचा नियम एकच. अपडेट भांगात सोडायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोड लिहिणारा नीरज हसला होता. "म्हणजे होळीला, ताई?"

"पिऊन आलायस काय? अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर उतरतो, तो भांग. डोलीत मासा भरत नाय, बोटी धक्क्याला असतात, सगळ्यांना रेंज असते. तुमचा शुक्रवार-सोमवार समुद्रात कोण विचारतो?"

नीरजनं त्या दिवसापासून टेबलावर तिथीचं कॅलेंडर लावलं.

बोटी चालवणाऱ्या एकोणचाळीस तांडेलांना अ‍ॅप घ्यायला तिनं एकेक करून पटवलं होतं. सगळ्यात हट्टी तिचा चुलता बाबाजी. त्याच्या बोटीवर जुनं जीपीएसचं मशीन होतं. "विका ते भंगार, काका. माझं अ‍ॅप हाय ना," अंबिका म्हणाली. पुतणीच्या शब्दाखातर म्हाताऱ्यानं विकलं.

या वेळचा अपडेट सक्तीचा होता. नवं घेतल्याशिवाय जुनं उघडणारच नाही. अष्टमीला तिनं तो अ‍ॅप स्टोअरकडे मंजुरीला पाठवला आणि 'मंजूर होताच आपोआप सोडा' या चौकोनात टिक केली. एरवी मंजुरी दोन तासांत यायची. या वेळी दिवस उलटले, आणि ऑफिसातल्या दुसऱ्या भानगडींत गुंतलेल्या अंबिकाला ती टिक आठवलीच नाही.

द्वादशीला सकाळी नीरजचा फोन आला. "ताई, पहाटे अपडेट बाहेर पडलाय. आज भांग आहे का?"

भांग कधीच सरला होता. बोटी उधाणाला निघून गेल्या होत्या. धक्क्याच्या रेंजमध्येच फोनांतल्या जुन्या अ‍ॅपला कुलूप लागलं होतं, आणि नवं अ‍ॅप उतरायच्या आत रेंज संपली होती.

"कुलूप काढ."

"काढलं. पण रेंजमध्ये आल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

अंबिका रिक्षा पकडून धक्क्यावर पोचली. समोर धुकं. एकेक बोट रिकामी परत येत होती. जाळ्यांच्या जागा आता अ‍ॅपातच होत्या, त्यामुळं जाळी कुणालाच सापडली नव्हती. बाकीच्यांकडे जुनी मशीनं तरी होती, त्यावर घरची वाट दिसत होती. बाबाजीकडे ते मशीन नव्हतं, तिच्यामुळं.

दुपारी एकला त्याची बोट दिसली. दुसऱ्या एका बोटीच्या भोंग्यामागं, आवाजावर चालत आली होती.

बाबाजी उतरला. चिडला नाही, हेच तिला सोसेना.

"काका, चूक माझी हाय. चौकोनात टिक—"

"तुझा चौकोन मना न्हाय कळत, पोरी." त्यानं फोन पुढं केला. "हे काढून टाक. मना काढता येत न्हाय."

अंबिकानं अ‍ॅपवर अंगठा दाबून धरला. 'नक्की काढायचं?' असं फोननं विचारलं. तिनं हो केलं.

मान वर केली, तर बाबाजीच्या मागं आणखी चार तांडेल फोन हातात घेऊन उभे होते.