केशरबाईंनी वाडी कशी रिकामी केली

आमच्या सासूबाई केशरबाई खोटं बोलतात. ही तक्रार नाही, माहिती आहे, आणि ती मी फोडतोय असंही नाही. अकोले तालुक्यातल्या त्यांच्या डोंगराकडेच्या वाडीत ती शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मी त्यांना मामी म्हणतो. त्या मला कधी नावाने हाक मारत नाहीत, पाव्हणं म्हणतात आणि लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. तेवढ्याच आदराने माझ्याशी खोटंही बोलतात.

मामी अडुसष्ट वर्षांच्या. नवरा गेला तेव्हा स्नेहल, म्हणजे माझी बायको, चौथीत होती आणि तिचा भाऊ वाल्मिक अजून शाळेत जायचा होता. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि स्वतःची जीभ एवढ्या भांडवलावर बाईंनी संसार ओढला. त्या काळी एसटी खालच्या फाट्यावरूनच माघारी फिरायची. मामींनी ड्रायव्हरच्या कानावर घातलं की वाडीत एक देखणी मुलगी आहे आणि तिच्या बापाला एसटीतलाच जावई हवाय. ड्रायव्हर बिनलग्नाचा होता. सहा महिने एसटी रोज वाडीपर्यंत येत होती. तशी मुलगी वाडीत नव्हतीच हे त्याला कळेपर्यंत लोकांना एसटीची सवय झाली होती, आणि मग ती बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

शेजारच्या आक्काबाईंशी त्यांचा नऊ वर्षं अबोला आहे. आक्काबाईंचा एक तुरेवाला कोंबडा नाहीसा झाला, तिथून हे सुरू झालं. मामी म्हणाल्या, बिबट्याने नेला. त्या दिवशी मी सासरवाडीला जेवायला होतो, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. आमच्याकडच्या सगळ्या चालीरीतींत ही मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटते. मी नगरला सावेडीत राहतो, जिल्हा परिषदेत कारकून आहे, आणि वर्षभर मला कोणी हो म्हणत नाही. तेव्हा मी दोन दिवसांची रजा टाकली आणि नारायण व्हायला निघालो.

दुसरा दिवस बाजाराचा होता. स्नेहल, वाल्मिक, त्याची बायको आणि वाडीतली बहुतेक हातीपायी धड माणसं जीप भरून राजूरला गेली. काही पोरं आधीच टोमॅटोच्या कामाला बाहेरगावी होती. वाडीत मला सोडून अकरा माणसं उरली, सगळी साठीच्या पुढची. मामी चुलीवर पुरण शिजवत होत्या. मी ओट्यावर बसून कंटाळत होतो. समोर डोंगराच्या पायथ्याला त्यांचा राब तयार दिसत होता.

राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी भाजायचा जमिनीचा तुकडा. त्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा अंथरतात आणि वरून माती पसरतात, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसते. तो पहाटे, वारा पडलेला असताना पेटवतात, तोही अशा बाजूने की आगीला वाऱ्याच्या उलट सरकावं लागेल. हे सगळं मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. सकाळी अकरा वाजता मला एवढंच माहीत होतं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला हा व्हिडिओ झकास होईल.

"मामी, राब मी पेटवतो," मी म्हणालो.

मामी हात पुसत बाहेर आल्या. राबावर माती टाकायची राहिली होती, कारण सकाळपासून त्या माझ्या धोंड्यांच्या मागे होत्या. त्यांनी झाडाच्या शेंड्याकडे बघितलं. डोंगरावरच्या वाळलेल्या गवताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं म्हनतील तसं," त्या म्हणाल्या.

वारा ज्या बाजूने येत होता नेमक्या त्याच बाजूने मी काडी लावली. तिकडून जाळ छान झुकतो. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. पहिली पंधरा सेकंदं मी मामींना "इकडे बघा, हसा" म्हणतोय. शेवटच्या चार सेकंदांत फक्त माझे पळणारे पाय आहेत.

आग राबावरून बांधावर गेली आणि बांधावरून डोंगराच्या गवतात शिरली. मी चप्पल काढून तिच्यावर हाणत होतो, तेव्हा हात भाजला. मामींनी जांभळीची फांदी तोडून झोडपायला सुरुवात केली, पण पाच मिनिटांत फांदी टाकून दिली. जाळ वर चढत होता तोवर ठीक होतं. मग वारा फिरला आणि वणवा डोंगराच्या कडेकडेने वाडीच्या मागच्या अंगाला सरकू लागला.

"पाव्हणं," मामी म्हणाल्या, आणि खरं सांगतो, अजूनही डोक्यावरचा पदर जागेवर होता, "वढ्यापल्याड शाळंच्या टाकीवर रेंज येती. तितं उभं ऱ्हाऊन वाल्मिकला फोन लावा. तुमच्याबिगर हे काम कोनाला जमायचं न्हाई."

मला बरं वाटलं. मी धावत ओढा ओलांडला. शाळेचं मैदान उघडंबोडकं, भोवती नांगरलेली खाचरं, तिथे आग येण्यासारखं काही नव्हतं. टाकीवर चढून मी वाल्मिकला आणि वनखात्याला फोन केले. मग माझ्या ध्यानात आलं की मामींच्या ओट्यावरूनही रेंज येते. सकाळी तिथूनच मी ऑफिसला खोटं सांगितलं होतं की मला ताप आहे, रजा एक दिवस वाढवा. म्हणजे बाईंनी सर्वांत आधी जावयाला सुरक्षित जागी पोचवलं होतं. मी चरफडत उतरलो आणि परत गेलो.

मामी घरोघर ओरडत फिरत होत्या. सात जण कोंबड्या-करडं घेऊन निघाले. तिघं हलायला तयार नव्हते. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. डोंगराला दरवर्षी वणवा लागतो, दरवर्षी विझतो, त्यासाठी घर कोण सोडतं?

पहिले छगनबाबा. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ते अंगणाबाहेर पडले नव्हते. "मला न्हाई चालाया येत," ते खाटेवरून म्हणाले. "इझंल आपुआप."

"ऱ्हाऊ द्या मग," मामी म्हणाल्या. "शाळंत आमच्या पाव्हण्यांच्या धोंड्याची पंगत बसलीय. संपत आलं धोंडं, म्हनून इचाराया आल्ते. तुमच्या वाटनीचं दुसऱ्याला देते."

छगनबाबा उठले. काठी विसरून गेले. मी त्यांचा दंड धरला होता, पण ओढत तेच मला नेत होते.

दुसरे गहिनीनाथ तात्या, तीस वर्षांपूर्वीचे सरपंच. ते दारात पाय रोवून उभे होते आणि वणव्याकडे असं बघत होते, जणू त्याला ग्रामसभेत बोलायची परवानगी मिळालेली नाही. मामी धापा टाकत म्हणाल्या, "तात्या, शाळंत तहसीलदार आलाय. म्हनतो, या वाडीत कारभार समजनारं एक तरी मानूस हाय का? काय सांगू त्याला?"

तात्या लगेच वळले, पण घरात! धूर दारापर्यंत आला होता आणि आत तात्या इस्त्रीची टोपी शोधत होते. तेव्हा मी मामींकडे बघितलं. त्या घाबरल्या होत्या, आणि मीही मनातून पुरता हादरलो होतो. आत चाललेलं म्हाताऱ्याचं टोपीपुराण माझ्या एकोणीस सेकंदांपायी त्याचा जीव घेणार होतं. मी आत घुसलो, खुंटीवरची पहिली टोपी त्यांच्या डोक्यावर दाबली आणि त्यांना बाहेर काढलं. ती टोपी त्यांच्या नातवाची होती. तात्या अख्खा ओढा ओलांडून तहसीलदाराला भेटायला गेले ते क्रिकेटची टोपी घालून.

तिसऱ्या आक्काबाई. दार आतून बंद. अबोल्यामुळे मामींना त्यांच्याशी बोलता येईना, आणि मी हाक मारली तर आतून आवाज आला, "कोंबडा खानाऱ्यानं माझ्या दारात यायचं न्हाई."

मामींनी काय करावं? अंगणातल्या आक्काबाईंच्या शेळीसमोर जाऊन त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शेळे, तुझ्या मालकिनीला सांग, घरातच ऱ्हा म्हनावं. शाळंकडं फिरकायचं काम न्हाई. सारी वाडी जमलीय तितं, आन म्या सगळ्यांना सांगितलंय, आक्कीला आत घ्यायचं न्हाई."

दार धाडकन उघडलं. "कोन मला आत घेत न्हाई?" आक्काबाई शेळीला म्हणाल्या, तिचं दावं सोडलं आणि तिला ओढत तरातरा निघाल्या. "शाळा हिच्या बापाची हाय का? चल गं, बगूच!"

ओढा ओलांडेपर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत. मामींनी स्वतःच्या गोठ्यातली म्हैस सोडली आणि आम्ही मागोमाग धावलो. शाळेत पोचल्यावर मामींनी माणसं मोजली. एकदा नाही, चारदा. अकरा. मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. छगनबाबा धोंडे कुठे आहेत म्हणून विचारत होते आणि तात्या तहसीलदार कुठे आहे म्हणून.

तासाभरात राजूरहून जिपा आल्या. वाल्मिक आणि पोरांनी वाडीच्या मागे गवत कापून पट्टा उघडा केला, वनखात्याची माणसं दुसऱ्या अंगाने झोडपत आली, आणि चारच्या सुमाराला आग पट्ट्याशी थांबली. घर एकही गेलं नाही. मामींचा गोठा आणि गवताची गंजी मात्र खाक झाली.

मग तरुण वनरक्षक वही घेऊन शाळेत आला. "आग कुठून लागली?"

"माझ्या राबातनं," मामी म्हणाल्या.

"पेटवला कुणी?"

"म्या."

मी उभा राहिलो. "साहेब, त्यांनी नाही. मी पेटवला."

मग छगनबाबा हसले. "पाव्हण्यांनी? त्यांना इडी पेटवाया तीन काड्या लागत्यात!" सगळी शाळा हसली. वनरक्षकसुद्धा.

"माझ्याकडे पुरावा आहे," मी चिडून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं धाडस केलं तर लोक हसतात! मी खिशातून मोबाईल काढला. मामी पाणी द्यायच्या निमित्ताने पुढे आल्या, त्यांचा धक्का लागला, आणि मोबाईल थेट पाण्याच्या बादलीत गेला. "अगं बाई, पाव्हण्यांचा फोन!" त्या म्हणाल्या. इतकी खोटी हळहळ मी आजवर ऐकलेली नाही.

"म्या सोता बगितलंय," कोपऱ्यातून आक्काबाई वनरक्षकाला म्हणाल्या. "केशरनंच काडी वढली." त्या वेळी आक्काबाई दाराला कडी लावून घरात होत्या. त्यांनी हे रागाने केलं की मायेने, ते मला सांगता येणार नाही. मामींनी मात्र शेळीकडे बघून मान हलवली. वनरक्षकाने मामींचं नाव लिहून घेतलं, चौकशीला बोलावणं येईल म्हणाला आणि गेला.

उन्हं उतरल्यावर मामी जळक्या गोठ्यापाशी एकट्या उभ्या होत्या. मी जवळ गेलो. "मामी, चूक माझी आणि नाव तुमचं. मी उद्या जातो त्यांच्या ऑफिसात, लेखी देतो. का खोटं बोललात?"

"खोटं कुटं?" त्या म्हणाल्या. "वारा मला दिसत हुता. माती टाकायची ऱ्हायली, ते म्हाईत हुतं. तुमाला काय, शेरातल्या मानसाला काय कळतंय त्यातलं? पन पाव्हण्यांना न्हाई कसं म्हनायचं, म्हनून गप बसले." त्यांचे डोळे पुन्हा भरले. "अकरा मानसं हुती खाली. साऱ्या जन्मात येवढं खोटं बोलले, कदी जीब अडाकली न्हाई. आन 'आत्ता नको, पाव्हणं', येवढं एक खरं बोलाया लाजले."

गंजीतून अजून धूर निघत होता. मामींनी डोळे पुसले, डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि कोपऱ्यातलं घमेलं माझ्या हातात दिलं.

"बगतोस काय, रविराज? माती आन."