विहिरीत उतरलेली वहिनी

सोजरवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलबर्ग्याला ऑफिसात होतो. पलीकडून पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आई गेली." मिळेल त्या बसनं आमचं गाव, ठाणाकुशनूर, गाठलं. त्याला आता महिना होत आला, तरी वहिनीबद्दल काही लिहायला बसलं की मला ती विहीरच दिसते.

वहिनी मादन हिप्परग्याची. लहानपणी तिचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत बुडाला होता. लग्न होऊन आमच्या घरी आली तरी ती कधी काठाशी गेली नाही. आमच्या बौद्ध वस्तीला तेव्हा स्वतःची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर कुणी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं, तिथंही वहिनी दूर उभी राहायची.

दुष्काळाच्या वर्षी वस्तीसाठी विहीर खोदायला परदेशातून स्वयंसेवक इंजिनिअर आले. नॉर्वेची इंग्रिड आणि जपानचा केंजी, दोघं वेगवेगळ्या संस्थांचे, इथं येऊनच एकमेकांना भेटलेले. गुलबर्ग्याच्या कॉलेजातून आम्ही काही विद्यार्थी मदतीला गेलो होतो. मी दुभाषा. खडक लागला, झरा फुटला, आणि साचलेलं पाणी उपसायला डिझेलचं इंजिन आत कपारीवर उतरवावं लागलं. त्याचा धूर विहिरीतच कोंडायचा, म्हणून इंजिन बंद करून बराच वेळ गेल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असा नियम इंग्रिडनंच घातला होता.

त्या दुपारी पाइप तुंबला. इंजिन बंद केलं आणि केंजी घाईनं उतरला. तळाशी पोचला, पाइपला हात लावला आणि बसकण मारावी तसा खाली बसला. हाका मारल्या, त्यानं मान वर केली नाही. इंग्रिड दोर बांधून उतरली. अर्ध्यातच तिचे डोळे फिरले, तिला ओढून काढलं तर ती ओकायला लागली. माझा मोठा भाऊ उतरायला निघाला. दोर धरणाऱ्यांत तोच दणकट, त्याला सोडून वर ओढणार कोण? मी काठावरून मागं सरकलो. परका माणूस आपल्या विहिरीत मेला तर वस्तीचं काय होईल, ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती.

तेवढ्यात वहिनी गर्दीतून पुढं आली. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"मला बांधा. मी हलकी हाव."

भाऊ म्हणाला, "तुला झेपंल का?"

"न्हाई ठावं. लई भ्या वाटायलंय मला... बोलत बसू नका, बांधा."

इंग्रिडनं तिच्या कमरेला दोराची गाठ मारली. श्वास रोखून धर, असं खुणेनं सांगितलं आणि केंजीसाठी दुसरा दोर तिच्या हाती दिला. वहिनी डोळे मिटून खाली गेली. वरून आम्हाला तिचं डोकं आणि हात तेवढे दिसत होते. ती त्याच्या काखेखालून दोर ओवताना चाचपडली, एकदा दोर निसटला, आणि आमच्यातलं कुणीतरी रडायला लागलं. मग दोर हलला. आम्ही दोघांनाही ओढलं. केंजी निळा पडला होता. वहिनी काठावर आडवी झाली आणि तोंड उघडून हवा ओढत राहिली, माशासारखी.

केंजी वाचला. विहीर पुरी झाली, वस्तीला पाणी लागलं. काही वर्षांनी तो मुद्दाम भेटायला आला. तिनं त्याला विचारलं, "जेवलास का, अण्णा?" अण्णा म्हणजे भाऊ, हे त्याला कळलं नसावं, तरी तो पानावर बसला. वहिनीनं मात्र त्या विहिरीत पुन्हा कधी वाकून पाहिलं नाही.

परवा पुन्हा गावी गेलो तेव्हा भाऊ आणि मी तिच्या खोलीत झोपलो. थंडी होती, म्हणून खिडकी लावायला उठलो, तर झडपा हलेनात. भाऊ म्हणाला, "त्या दिवसापून तिनं खिडकी लावू दिली न्हाई कधी. लावली की म्हणायची, जीव कोंडायलाय. शेवटी मीच खिळे ठोकून दिले, उघडीच राहू दे म्हणून."

मी घोंगडी ओढून घेतली. भावानं खिडकीखालच्या तिच्या रिकाम्या खाटेकडं पाहिलं आणि म्हणाला, "खिळे काढावं म्हणतोय... हात न्हाई उचलत."