सातवी अ, बावीस नंबर

आमच्या शाळेत आडनावाच्या आधी तुकडी विचारत. शंभरी ओलांडलेली, खाजगी संस्थेची, नगरात वजन असलेली शाळा. दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर अ आणि ब, खाली क, आणि सायकल स्टँडला चिकटून पत्र्याच्या शेडमध्ये ड. अ ला सेमी इंग्रजी आणि संपूर्ण संस्कृत, ब ला अर्धं संस्कृत, क ला हिंदी. ड ला काय असतं, हे आम्ही अ वाल्यांनी कधी विचारलंच नाही. दर जूनला थोडीफार अदलाबदल व्हायची, पण खरी चाळणी आठवीला लागायची. सातवीच्या वार्षिकचे मार्क बघून तुकड्या पाडत, आणि तिथं जो जिथं पडला तो दहावीपर्यंत तिथंच राहिला.

सातवी अ मध्ये माझा नंबर एकवीस आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा बावीस. ती पाथर्डीकडची. शिकायला नगरात मावशीकडे राहायची, आमच्याच गल्लीत. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होती. मला अपूर्णांक तिनं शिकवले, तेही मधल्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून. मी मात्र काठावरची. सहामाहीला अ मधल्या शेवटच्या चारपाच जणांत माझं नाव होतं, आणि आईनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, शेडमध्ये बसायची वेळ आली तर मला तोंड दाखवू नकोस.

वार्षिक परीक्षा चालू होती. मध्ये दोन दिवस सुट्टी होती आणि तिच्या गावची जत्रा आली होती, म्हणून मावशीचं सगळं घर गावाला गेलं. तेवढ्यात शिक्षकांना निवडणुकीचं काम लागलं आणि बुधवारचा गणिताचा पेपर दोन दिवस अलीकडे, सोमवारवर आला. वर्गशिक्षक मला म्हणाले, "तू तिच्या गल्लीतली ना? निरोप दे." निरोप द्यायचा म्हणजे अवघड काहीच नव्हतं. तिचे चुलते नगर-पाथर्डी जीप चालवायचे. स्टँडवर जायचं, त्यांना सांगायचं, संध्याकाळपर्यंत निरोप घरात. सगळी गल्ली असंच करायची.

मी स्टँडवर गेले. जीप उभी होती. मी रसवंतीच्या मागं उभी राहिले, जीप सुटेपर्यंत. मग घरी आले.

मी तेव्हा काही ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ठरवलं होतं. एक हुशार मुलगी कमी झाली तर काठावरची एक आत राहील, एवढा हिशेब अपूर्णांक न येणाऱ्या मुलीलाही जमतो.

सोमवारी तिचा पेपर बुडाला. मंगळवारी ती वडिलांना घेऊन आमच्या दारात आली. वडील डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे. "बाई, तुला निरोप द्यायला सांगितला हुता म्हनं?" मागं आई उभी होती. मी म्हणाले, "मी जीपवाल्या काकांना सांगितलं होतं की."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. अ तुकडीतली पोर, सकाळ-संध्याकाळ श्लोक म्हणणारी, ती खोटं कशाला बोलेल? चुलत्यांनी देवाशपथ सांगितलं, मला कुणी काही बोललं नाही. पण जीपवाल्याची शपथ कोण धरतो? शाळेनं तिची फेरपरीक्षा घेऊन पास केलं, मात्र तुकडीसाठी वार्षिकचेच मार्क धरतात, हा नियम सगळे असा सांगत की जणू तो इमारतीच्याही आधी बांधला होता. जूनमध्ये ती शेडमध्ये गेली. मी वर राहिले. जिन्यात भेटलो तर ती हसायची, आणि मी दप्तराचे बंद नीट करायचे.

यंदा आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. आमच्या म्हणजे अर्थात अ च्या. निमंत्रणं माझ्याकडे होती. बाकीच्या तुकड्यांना बोलवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मला तर ते सोयीचंच होतं. हल्ली सगळीकडे करतात तसंच सगळं केलं. घंटा दिली, प्रार्थना म्हटली, आणि सातवीच्या वर्गात जुन्या बाकांवर पोटं सावरत बसलो. आमचे वर्गशिक्षक आता काठी टेकत येतात. त्यांनी ऑफिसातून जुना कॅटलॉग मागवला होता आणि नंबरानं हजेरी घेतली.

"एकवीस."

"हजर, सर."

"बावीस."

"हजर, सर." आवाज मागच्या दारातून आला.

ती दर गुरुपौर्णिमेला सरांना फोन करते, हे मला माहीत नव्हतं. सरांनीच तिला बोलावलं होतं. ती आता गावात अंगणवाडी चालवते. सरांनी विचारलं, "तू गं ड मध्ये कशी गेलीस? गणितात तर पहिली होतीस." ती हसून म्हणाली, "आमच्या काकांची कृपा, सर. निरोप विसरले."

सगळे हसले. मीही हसले. आजवर मी केलेल्या गोष्टींत ते हसणं मला सगळ्यात नीच वाटतं.

जेवणाआधी ती नळावर हात धुवायला गेली, तशी मी मागोमाग गेले आणि एका दमात सांगून टाकलं. ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा काका खांदा द्यायला आले, तर आईनं त्यांना बाजूला काढलं. त्या निरोपापासून भावा-भावांत बोलणंच नव्हतं ना." मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मला नको सांगूस. त्यांना सांग."

"कोन बोलतंय?" आवाज म्हातारा झाला होता. मी कोण ते सांगितलं, आणि निरोप दिला नव्हता तेही. पलीकडे शेळीचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "त्या दिशी जीप लौकर सुटली आसंल. तुमाला माझी गाठ पडली नसंल. लहान हुता तुमी."

इतक्या वर्षांनी तेच मला सोडवू बघत होते. नुसतं हो म्हणायचं होतं. ती समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"नाही काका," मी म्हणाले. "तुम्ही टपावर जत्रेचं सामान बांधत होतात. मला बघून तुम्ही हात केलात. मग मी रसवंतीच्या मागं गेले."