वगळलेली सतरा वचनं

अन्याय माझ्या आतोबांवर झाला. नाताळच्या आदल्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, दुसरं गीत संपल्या संपल्या. पण आधी हे सांगायला हवं की अख्ख्या जालना जिल्ह्यात या माणसाइतके पूर्वज कुणालाच नाहीत. पाटलांच्या घरी वंशावळ सांगणारा हेळवी येतो आणि सात पिढ्यांत दमतो. आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, थेट अब्राहामापासून सुरू होतात आणि येशू येईस्तोवर थांबत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानातली पहिली सतरा वचनं लोक पान उलटून टाळतात. याला हा झाला, त्याला तो झाला, एवढंच तर त्यात आहे. आतोबांना नेमका तिथंच देव सापडला. दर नाताळात ती नावं वाचायचा मान त्यांचा. प्रत्येक 'झाला'नंतर ते एवढे थांबत, की मागच्या बाकावरून पोरं विचारायची, "आतोबा, झालं का?"

"घाई कशाची रे? मानूस जन्माला यायला टाइम लागतो," असं वर न बघता म्हणत ते पुढचा राजा जन्माला घालायचे.

एकदा भोकरदनहून जालन्याला येताना एसटीत शेजारच्या गृहस्थानं आतोबांना विचारलं, "पाव्हणं, तुम्ही कुणापैकी?" जात विचारायची ही आपल्याकडची सभ्य रीत. मी भांडलोच असतो. आतोबा "बराबर विचारलं" म्हणाले आणि अब्राहामापासून लागले. दाविदापर्यंत पोचले तोवर राजूर आलं, आणि जालन्याचं तिकीट काढलेला तो गृहस्थ गणपतीला हात जोडायचे म्हणत तिथंच उतरला. नातीचं नाव तामार ठेवायचा त्यांनी हट्ट धरला, तेव्हा आत्या कडाडली, "शाळंत पोरी टमाटं म्हन्तील तिला! तुमचं काय जातंय?"

तामार का, ते त्यांनी मला सांगितलं होतं. "हेळवी वंगाळ नाव गाळतो. देवानं गाळलं न्हाई. तामारला सासऱ्यापासून लेकरं झाल्ती. राहाब वेश्या. रूथ परक्या जातीची. उरीयाच्या बायकोचं तर नाव बी न्हाई, पर जागा हाय. मंग माझी माय कशी बाहेर ऱ्हाईल?" आतोबांची आई पाटाची, म्हणजे दुसरेपणी लग्न लागलेली. गावानं मायलेकांना तो शब्द जन्मभर ऐकवला.

नव्या पाळकसाहेबांना हे कंटाळवाणं वाटलं. आतोबा चष्मा लावून उभे राहिले होते. "शहरातून पाहुणे आलेत, वंशावळ वगळू," साहेब म्हणाले. "अठराव्या वचनापासून, येशूच्या जन्मापासून वाचा."

"अठरावं दुसऱ्या कुनी वाचा, साहेब. तिथून पुढं समद्यांला येतंय." एवढं बोलून आतोबा बसले. उपासना संपल्यावर बाहेर मी पाळकसाहेबांना गाठलं.

"अरे, नुसती नावं आहेत ती," ते म्हणाले.

"गावानं ज्यांना नावं ठेवली, त्यांची नावं आहेत ती!"

त्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं.

आता आतोबांचा आवाज बसलाय. आत्या संध्याकाळी भाकरी थापते, तेव्हा ते चुलीशेजारी बसून ती नावं तिलाच ऐकवतात. राहाबेपाशी त्यांना खोकला येतो. आत्या तव्यावरची भाकरी उलटते आणि पुढचं नाव स्वतःच म्हणते.

येता नाताळही अठराव्या वचनापासूनच सुरू होणार, असं ठरलंय. मंडळीतल्या लोकांनो, मागच्या वेळी तुम्ही आपापल्या चपलांकडे बघत बसलात. या वेळी उठा आणि म्हणा, पहिल्यापासून वाचा. आणि आतोबा वाचतील तेव्हा घाई करू नका.