टिकल्या काढणार मीच

आमची ही गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी पियानोच्या पट्ट्यांवर टिकल्या चिकटवल्या होत्या. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम.

आधीच सांगतो — भूत, आत्मा, अंगात येणं, मी असलं काही मानत नाही. जन्मभर आग्रा रोडला टेम्पो चालवला, पिंपळगावची द्राक्षं वाहिली, घाटात, स्मशानाजवळ कुठंही गाडी लावून झोपलो. कधी काही दिसलं नाही. शिक्षण चौथी. आता डोळेही निम्मे गेलेत, म्हणून मोबाईलमध्ये बोलून लिहितोय. चुकलं तर चुकलं.

टेम्पोवाल्याच्या घरी पियानो कुठून आला? तर ही, कुसुम, शरणपूर रोडला एका मॅडमकडे स्वयंपाकाला जायची. मॅडम पियानो शिकवायच्या. ओटा आवरून झाला की हिलाही बसवायच्या. नाशिक सोडताना त्यांनी तो हिलाच देऊन टाकला. द्वारका चौकाच्या मागं आमच्या दोन खोल्या, त्यातली एक त्यानं खाल्ली. मी लय बोललो होतो तेव्हा.

मग मला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलंही हळूहळू जाईल. घरी आल्यावर हिनं चहासुद्धा टाकला नाही. मला धरून पियानोपुढं बसवलं.

"अहो, उद्या दिसायचं बंद झालं की काय करणार? दिवसभर मला शिव्या घालत बसणार?"

"त्याला डोळे कशाला लागतात?"

"मग हे पण बिनडोळ्यांनी शिका."

माझ्या हातांवर पंचा टाकायची आणि डावीकडं बाकड्यावर बसायची. काळ्या पट्ट्या चाचपायच्या — दोन, मग तीन. दोनच्या डावीकडची पांढरी, तो सा. मी पंचा उचलून बघायचो, की बसली हातावर चापट.

"टेम्पोत गियर बघून टाकत होता का?"

"अगं, गियर चार असतात! हे बघ किती आहेत!"

शेवटी त्या सकाळी मीच हटून बसलो, खुणा पाहिजेत म्हणून. हिनं आपलं टिकल्यांचं पाकीट आणलं. मी पट्टी पुसायची, हिनं टिकली लावायची. लाल, मखमली. सा ते नी, सात.

"लावते," म्हणाली, "पण लबाडी चालायची नाही. शिकलात की काढणार. आणि काढणार मीच. तुम्ही हात लावायचा नाही."

संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखाना येईपर्यंत संपलं.

तेरावं झालं. मुलगा संतोष पिंपळगावला असतो. म्हणाला, "आण्णा, एकटं नाय राहायचं. माझ्याकडं चला. पण पियानोला तिथं जागा नाय. शाळेत देऊन टाकू. तुम्हाला तरी कुठं येतो?"

खरंच होतं. हो म्हणालो. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

शनिवारी दुपारी जेवण गेलं नाही. रस्त्याची धूळ येते म्हणून दाराला आतून कडी होती. म्हटलं, शेवटचं बसू. हातांवर पंचा टाकला आणि हिनं शिकवलेली एकच चाल सुरू केली. लबाडी होतीच... बोटाला टिकलीची मखमल लागायची, त्यावरून मी पट्टी ओळखायचो.

पुढच्या फेरीला सा वर बोट गेलं. गुळगुळीत.

वाटलं, घामानं सुटली असेल. वाजवत राहिलो. मग रे गेला. मग ग. बोट परत येईपर्यंत तिथली टिकली गेलेली... एकेक करून. मान ताठ झाली. पंचा उचलायची हिंमत होईना. थांबायचीही होईना. थांबलो तर डावीकडं बघावं लागेल. सवयीनं मी तेवढी जागा मोकळी सोडूनच बसलो होतो.

सगळ्या टिकल्या गेल्या आणि बोटं चालूच. पूर्ण चाल. एकदाही चुकली नाही.

मग पंचा काढला. पट्ट्या पांढऱ्याफेक. पंचा झटकला, बाकड्याखाली चाचपलं, फरशीवर हात फिरवला. एक टिकली नाही. तोंडावर पाणी मारायला उठलो, तर वाटेत कपाटाचा आरसा. ही रोज झोपताना कपाळाची टिकली काढून त्याच्या कोपऱ्यात लावायची, एकाखाली एक. तेराव्यानंतर सुनेनं तो आरसा घासून पुसला होता.

कोपऱ्यात सात टिकल्या. एकाखाली एक.

सकाळी संतोष आला, हातात पियानो बांधायची दोरी. त्याला आरसा दाखवला.

"आण्णा, तुम्हीच काढल्या असतील. अशा वेळी माणसाला आठवत नाय."

असेलही. त्याला खोटं पाडायला माझ्याकडं काही नाही. लोकांनीही ऊन सांगितलं, घाम सांगितला, म्हातारपण सांगितलं. पट्टीवरच्या टिकल्या आरशावर कशा गेल्या, ते कुणी सांगितलं नाही. मलाही माहीत नाही.

मी संतोषचा रुमाल मागितला. म्हटलं, "बांध माझ्या डोळ्यांवर. गच्च." डावीकडची जागा सोडून बसलो. काळ्या दोन चाचपल्या आणि वाजवलं. दोनदा चुकलो, परत पकडलं. बऱ्याच वेळानं संतोषनं जाताना दार ओढलं, बाहेर टेम्पो सुरू झाला. रुमाल तसाच होता, पण ड्रायव्हर माणूस मी. खड्ड्यात आपटली की आवाजावरूनच गाडीतलं वजन कळतं.

रिकामी गेली.